फाईलवरचं खोडलेलं

प्रिय सुमे,

दीड वर्ष झालं बोललो नाही आपण. तूही फोन केला नाहीस म्हणा, पण तोंड मी सोडलं होतं तेव्हा पत्रही मीच लिहायला हवं. तब्येत बरी आहे, गुडघा कुरकुरतो, ह्यांची बीपीची गोळी चालू आहे. झालं, ते संपलं.

मंगळवारी गुंड्याचं ब्लड कॅन्सरचं फॉलोअप होतं. नेहमीसारखी मी त्याच्या आधी उठून केबिनच्या दाराशी, तर सिस्टर म्हणते, मॅडम तुम्ही बसा बाहेर, तो १९चा आहे ना आता, बोलेल तो एकटा. आणि गुंड्याने हात पुढे केला, "फाईल दे". अगं तीच फाईल, तू शाई सांडलेली. पंधरा वर्षांत मी ती कुणाला उचलू दिली नाही, तुलासुद्धा नाही, आणि हा शाळेची वही न्यावी तशी काखेत मारून आत गेला. मी आपली मोकळ्या मांडीवर हात ठेवून बसले, हातांचं काय करायचं तेच कळेना.

वीस मिनिटांनी बाहेर आला, मोबाइलमध्ये बघत. काय म्हणाले रे? "हार्टचा टूडी एको नॉर्मल. पुढची पाच वर्षांनी."

पाच वर्षांनी! सुमे, पाच वर्षं म्हणजे काय ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? वॉर्डच्या जिन्यात बसून मी काय बडबडायचे आठवतंय ना, फक्त पाच वर्षं मिळू देत ह्याला, पुढचं काही मागत नाही. आणि तू चिडून म्हणालीस की मागायचंच आहे तर भरपूर माग, घासाघीस कसली करतेस. आता तीच पाच वर्षं डॉक्टर नुसती पुढची तारीख म्हणून देतात, आणि मला आनंद होण्याऐवजी राग आला. पाच वर्षं कुणीच बघणार नाही? असं कसं?

डोक्याला कळतं गं. ते लाल औषध, ज्याने लघवी लाल झाली तेव्हा तू त्याला शाई प्यायलास का विचारलं होतंस, ते हृदयाच्या स्नायूला लागतं, आणि एकूण डोस जितका जास्त तितका धोका जास्त. ह्याचा कमी होता म्हणून तपासण्या लांब. पण हेही खरं की त्रास कधीकधी वीस-तीस वर्षांनी वर येतो. तीस वर्षांनी हा ४९चा आणि मी ७९ची, असले तर. छातीत धडधडतंय म्हणून कुठल्यातरी नवीन डॉक्टरसमोर बसेल, ते विचारतील लहानपणी काही मोठं आजारपण? आणि हा शहाणा म्हणेल, ताप आला होता बहुतेक! कारण त्याला काही आठवतच नाही. पाठीच्या मण्यातली इंजेक्शनं नाही, स्टेरॉइडने चेहरा फुगलेला आणि रात्री दोनला जेवायला दे म्हणून घर डोक्यावर घ्यायचा ते नाही. व्हिनक्रिस्टीनने पावलं लुळी पडून फटक फटक चालायचा, तू बदक म्हणून त्याची नक्कल करायचीस, ते पण नाही. (ते औषध सदाफुलीपासून काढतात हे कळल्यावर तू कुंडीतल्या सदाफुलीला दम दिला होतास.) आठवतं काय, तर तू हातमोजा फुगवून केलेला कोंबडा. तीन वर्षं उशाशी मी, आणि आठवणीत कोंबडा. असो.

तेव्हा तू माझे प्रिंटआउट लपवायचीस त्याचा राग अजून आहे हं. १९४८ साली बोस्टनमध्ये डॉ. फार्बरनी ब्लड कॅन्सरच्या १६ मुलांना औषध दिलं, १० जणांना उतार पडला, पण काही महिन्यांपुरताच. मी ते पुन्हा पुन्हा वाचायचे ते आकड्यांसाठी नाही, त्या दहा आयांसाठी. तेवढे महिने त्यांनी कसे काढले असतील? आणि ज्यांची मुलं पुढे १९७०च्या आसपास खरोखर वाचली, ती मुलं आता साठीत आहेत. त्यांच्या फाईली कुणाकडे असतील गं?

तर भांडण. तू म्हणालीस पर्समधला थर्मामीटर काढ, तो मुलगा आहे, पेशंट नाही. मी म्हणाले तुझं स्वतःचं असतं तर कळलं असतं. ते वाक्य मी परत घेते. बाकीचं नाही. थर्मामीटर पर्समध्येच आहे, सेल कधीचा संपलाय.

तुझं नवीन घर लागलं का? पाठदुखी? वहिनींशी बोलायला लागलीस का परत? सगळं लिही.

हो, मुख्य राहिलंच. घरी येताना फाईल चाळत होता, तर म्हणाला, आई माझ्या नावाआधी हे काय खोडलंय? तू "चि." लिहिलं होतंस आणि मी तिथल्या तिथे तुझ्या हातातलं पेन घेऊन गिरगटलं होतं, कशाला नशिबाला डिवचतेस म्हणून. मी त्याला म्हटलं सुमामावशीचं काहीतरी चुकलं होतं. फाईल आता त्याच्याच कपाटात आहे, मी मागितली नाही. तू फोन कर त्याला आणि काय खोडलं होतं ते तूच सांग. मी सांगायला गेले तर रडेन, आणि तो कानात हेडफोन घालेल.

तुझी,
माई