कोणत्या इयत्तेला विज्ञानाचा कोणता शब्द?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तिसरी-चौथीसाठीची विज्ञान शब्दसंग्रहाची एक कार्यपुस्तिका नुकतीच पाहण्यात आली. तीत ‘प्रकाशसंश्लेषण’, ‘परिसंस्था’, ‘गुरुत्वाकर्षण’ हे शब्द व्याख्येसह पाठ करायला दिले आहेत. मुले ते घडाघडा म्हणतातही. पाहुण्यांसमोर नातवंडांकडून ‘फोटोसिंथेसिस’ वदवून घेण्याची हौस आम्हा आजी-आजोबांनाही काही कमी नाही! पण हवेत निरनिराळे वायू असतात हेच ज्याला अजून उमगलेले नाही, त्याला ती व्याख्या काय कळणार? झाड उन्हाच्या मदतीने पानांत आपले अन्न तयार करते, एवढे तिसरीत पुरे. तो शब्द सातवीत आला म्हणून काही बिघडत नाही.

लांबलचक, जोडाक्षरी शब्द वरच्या वर्गांना आणि सुटसुटीत शब्द खालच्या, अशीही एक समजूत आहे. ती मला पटत नाही. ‘बाष्पीभवन’ उच्चारायला अवघड, पण पेडण्यातील आगरवाड्याच्या मुलाला तो चौथीत खुशाल द्यावा. मिठागरात खारे पाणी कोंडतात, उन्हाने ते आटते आणि खाली मीठ उरते, हे त्याच्या डोळ्यांसमोरचे आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. वाटीभर पाणी ताटलीत ओतून उन्हात ठेवले तर शाळेच्या अंगणातही ते दिसतात. उलट ‘काम’ हा शब्द दोनच अक्षरांचा आणि रोजच्या बोलण्यातला. पण डोक्यावर ओझे घेऊन तासभर नुसता उभा राहिलेला हमाल भौतिकशास्त्राच्या हिशेबी कामच करत नाही! हे पचायला नववीच बरी. ‘वजन’ आणि ‘वस्तुमान’ यांचेही तेच.

काही शब्द आधी द्यावेत, त्यांमागचे कारण मागाहून. भरती-ओहोटी मांडवीकाठच्या मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक असते. चंद्राची ओढ पुढच्या वर्गात शिकवता येते.

गोव्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपल्या सरकारी प्राथमिक शाळांत चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी, आणि पाचवीपासून इंग्रजी. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने तिसरी ते पाचवी हा एकच टप्पा मानला आहे. आपल्याकडे त्या टप्प्यातच शिकण्याची भाषा बदलते. चौथीत कल्पना पक्की झाली असेल तर पाचवीतले ‘इव्हॅपोरेशन’ हे केवळ नवे नाव असते. नसेल तर नाव आणि कल्पना दोन्ही एकदम अंगावर येतात, आणि मुलावर ‘विज्ञानात कच्चा’ असा शिक्का बसतो.

पर्वरीच्या एससीईआरटीने (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने) प्राथमिक शिक्षकांना सोबत घेऊन चौथीसाठी एक छोटी यादी करावी. धड्याला तीन-चार शब्द, प्रत्येकाचे मराठी, कोकणी व इंग्रजी नाव आणि समोर व्याख्येऐवजी मुलाने स्वतः पाहावी किंवा करावी अशी एक गोष्ट. ती गोष्ट बदलायची मुभा शिक्षकाला हवी. सत्तरी तालुक्यातल्या मुलाने मिठागर पाहिलेले नसेल, त्याला अंगणात वाळत घातलेली भिरंडाची (कोकमाची) सोले चालतील. नव्या वर्षाची पुस्तके छापायला जाण्याआधी हे झाले तर बरे.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, डिचोली