चिरंजीवास पत्र: नाताळचं जेवण आणि एकच ओव्हन

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

नाताळच्या रात्री आठ माणसं जेवायला आहेत आणि सगळा स्वयंपाक तू घरीच करणार आहेस, हे कळलं. पदार्थांच्या यादीपेक्षा मला जास्त विचार पडला आहे तो तुझ्या ओव्हनचा. या जेवणात फार कौशल्याचा असा एकही पदार्थ नाही. अडचण एवढीच, की कोंबडी, बटाटे आणि स्टफिंग (ब्रेडचं सारण) तिघांनाही ओव्हन लागतो, प्रत्येकाची आच वेगळी, आणि तिन्ही एकाच वेळी गरम वाढायचे असतात. म्हणून आधी वेळ बसवायची, पाककृती नंतर.

आजच दोन कामं कर. येणाऱ्या प्रत्येकाला विचारून घे: मांस, अंडं, सुकामेवा, गहू, दूध, मद्य यांतलं काय चालत नाही? हे आयत्या वेळी कळलं तर काहीच करता येत नाही. दुसरं, तुझे ट्रे रिकाम्या ओव्हनमध्ये ठेवून दार नीट बंद होतं का ते बघ. दोन कोंबड्या शेजारी ठेवून त्यांच्यात चार बोटं जागा राहिली पाहिजे, आणि खालच्या खणात बटाट्यांचा ट्रे मावला पाहिजे.

आठ जणांसाठी टर्कीचा हट्ट नसेल तर १.८ किलोच्या दोन कोंबड्या घे. माझं मत ठाम कोंबडीच्या बाजूनं आहे. टर्कीची छाती मोठी. मांड्या शिजेपर्यंत ती बहुतेक वेळा कोरडी पडते. दोन कोंबड्यांमध्ये चार तंगड्या मिळतात, वेळ बराच कमी लागतो, आणि एखादी थोडी बिघडली तरी दुसरी हाताशी असते. टर्कीच घ्यायची असेल तर साडेचार किलोची पुरे. मात्र गोठवलेली असेल तर फ्रीजमध्ये बर्फ वितळून सुटी व्हायला दर दोन किलोला एक पूर्ण दिवस धर. म्हणजे २१ तारखेच्या रात्री ती फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये आली पाहिजे. ओट्यावर ठेवून सुटी करू नकोस. बाहेरचा भाग ऊबदार होऊन जंतू वाढत राहतात आणि पोट तेव्हाही बर्फच असतं. अगदीच उशीर झाला तर पिशवीत घट्ट बांधून थंड पाण्यात बुडव, दर अर्ध्या तासानं पाणी बदल, आणि अर्ध्या किलोला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ धर. टर्की १८० अंशांवर अडीच ते तीन तास घेते, तेव्हा खालचं वेळापत्रक तेवढं मागे ओढ.

कोंबडीला मीठ २३ तारखेच्या रात्री लाव. किलोला १० ग्रॅम, म्हणजे १.८ किलोच्या कोंबडीला १८ ग्रॅम. बारीक मिठाचे सपाट तीन चहाचे चमचे होतात. पाकिटावर मिठाचं पाणी भरलेलं असल्याचा उल्लेख असेल तर निम्मंच घे. कोंबडी धुऊ नकोस. धुतल्यानं जंतू जात नाहीत, उलट उडणाऱ्या पाण्याबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात. कागदानं कोरडी टिप, मीठ आतून-बाहेरून चोळ, छातीला आणि मांडीला हात जरा सढळ ठेव, आणि झाकण न घालता फ्रीजच्या सगळ्यात खालच्या खणात ठेव. मीठ आधी मांसातलं पाणी बाहेर खेचतं, त्यात विरघळतं आणि मग ते पाणी परत आत जातं. तेव्हा मांसातली प्रथिनं सैल होतात आणि भाजताना ओलावा धरून ठेवतात. तोवर उघड्या हवेनं कातडी सुकते. ओली कातडी आधी वाफाळते आणि तांबूस व्हायला उशीर लावते, म्हणून कातडी कुरकुरीत होण्याचं अर्धं काम इथेच होऊन जातं.

२४ तारीख रश्श्याची. कोंबडीचे एक किलो पंख आणि मानेचे तुकडे २२० अंशांवर ४० मिनिटं चांगले तांबूस भाज. मग एक कांदा, एक गाजर, सेलरीचा एक दांडा आणि अडीच लिटर पाणी घालून मंद आचेवर दोन-अडीच तास ठेव, दीड लिटर उरेपर्यंत. खळखळून उकळू देऊ नकोस, चरबी पाण्यात मिसळून रस्सा गढूळ होतो. कोंबडीबरोबर आलेलं काळीज यात घालू नकोस, कडवटपणा येतो. मीठ अजिबात नको. ट्रेमध्ये उतरणारा रस आधीच खारट असतो. रश्श्यातही मीठ असेल तर शेवटी ग्रेव्ही खारट होते आणि तेव्हा हातात उपाय उरत नाही.

ग्रेव्हीही त्याच दिवशी करून ठेव. आठ जणांना ८०० मिलिलिटर पुरते. ५० ग्रॅम बटर वितळव, ५० ग्रॅम मैदा घाल आणि मंद आचेवर बदामी रंग येऊन खमंग वास सुटेपर्यंत परत, सात-आठ मिनिटं. त्यात गरम रस्सा आधी एक पळीभर घालून घोट, मग दुसरी पळी, मग उरलेला. कोरडा मैदा थेट गरम रश्श्यात टाकला की दाण्याचं बाहेरचं स्टार्च लगेच फुगून चिकटतं आणि आत कोरडं पीठ अडकतं. गुठळी होते ती अशी. झालीच तर चाळणीतून गाळ. दहा मिनिटं उकळून हवी त्यापेक्षा किंचित पातळ ठेव, कारण ताटात निवताना ती दाटते. दुसऱ्या दिवशी ट्रेमधल्या रसावरची चरबी काढून तो रस यात मिसळायचा, आणि मीठ तेव्हाच चाखून घालायचं. खारट झाली तर बटाटा टाकून काही साधत नाही, बिनमिठाचा रस्साच वाढव. त्यासाठी वाटीभर राखून ठेव.

स्टफिंग कोंबडीच्या पोटात भरू नकोस. त्याचा मधला भाग ७४ अंशांना पोचेपर्यंत छाती सुकून जाते, आणि पोचला नाही तर कच्चा रस त्यात मुरलेला असतो. वेगळ्या भांड्यात भाजलेल्या स्टफिंगला वरून कुरकुरीत थरही येतो. ४०० ग्रॅम शिळ्या ब्रेडचे तुकडे १२० अंशांवर अर्धा तास सुकव. १०० ग्रॅम बटरमध्ये दोन कांदे आणि सेलरीचे तीन दांडे मऊ होईपर्यंत परत, एक मोठा चमचा चिरलेली सेज (सुवासिक पाला), मिरपूड आणि मीठ घाल. हे सगळं २४ ला करून ठेवता येतं. अर्धा लिटर रस्सा आणि दोन अंडी मात्र भाजायच्या जरा आधीच मिसळ, नाहीतर लगदा होतो. शाकाहारी पाहुणा असेल तर अख्खं स्टफिंगच भाज्यांच्या रश्श्यात कर. चवीला काही कमी पडत नाही आणि एक भांडं वाचतं.

क्रॅनबेरीचा सॉस दहा मिनिटांचा: ३०० ग्रॅम क्रॅनबेरी, १५० ग्रॅम साखर, १०० मिलिलिटर संत्र्याचा रस, फळं फुटेपर्यंत उकळायचं. गरम असताना पातळ दिसला तरी आटवत बसू नकोस. फळातल्या पेक्टिनमुळे (दाटपणा आणणाऱ्या घटकामुळे) निवल्यावर तो आपोआप बसतो.

बटाट्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण लोक कोंबडीवर नजर ठेवतात आणि बटाट्यांकडे दुर्लक्ष करतात, आणि ताटातलं सगळ्यांत आधी संपतात ते बटाटेच. दोन किलो घे, शिजल्यावर भुसभुशीत होणारे; चिकट, मेणचट जातीचे नकोत. सोलून पाच सेंटिमीटरचे तुकडे कर. चार लिटर उकळत्या पाण्यात दोन मोठे चमचे मीठ आणि सपाट एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा घाल. सोड्यामुळे बाहेरच्या थरातलं पेक्टिन लवकर सुटतं आणि कडा पिठूळ होतात. भाजताना त्या पिठाचंच कवच बनतं. साधारण नऊ मिनिटांत कडा झिजल्यासारख्या दिसायला लागतात. तेव्हा चाळणीत ओत आणि पाच मिनिटं वाफ जाऊ दे. ही पाच मिनिटं वाचवू नकोस, ओला बटाटा तेल पितो. मग चाळणी चार-पाचदा जोरात हलव, म्हणजे पृष्ठभाग खरबरीत होईल. हे २५ च्या दुपारीच उरकून तुकडे ताटात पसरून उघडे ठेव. भाजताना १२० मिलिलिटर तेल ट्रेमध्ये दहा मिनिटं आधी तापव आणि बटाटे त्यात एकाच थरात मांड. एकावर एक पडले तर वाफेवर शिजतील, कुरकुरीत होणार नाहीत. एका ट्रेमध्ये मावत नसतील तर दोन वापर किंवा बटाटे कमी कर, गर्दी करू नकोस.

आता २५ ची संध्याकाळ. जेवण आठला धरलं आहे.

साडेचारला कोंबड्या फ्रीजबाहेर काढ. पावणेपाचला, म्हणजे ४:४५ ला, ओव्हन १९० वर लाव. कोंबड्यांना तेल चोळ. बटरमध्ये पाणी असतं, त्यामुळे कातडी कुरकुरीत व्हायला तेलच बरं. तंगड्या दोरीनं बांधू नकोस. बांधल्या की मांडीच्या सांध्यापर्यंत गरम हवा पोचत नाही, आणि उशिरा शिजतो तो नेमका तोच भाग. ५:१० ला छाती वर आणि तंगड्या ओव्हनच्या मागच्या बाजूला करून आत ठेव.

एका कोंबडीला किलोमागे ४५ मिनिटं आणि वर २० असा हिशेब धरतात, म्हणजे साधारण एक तास चाळीस मिनिटं. दोन एकत्र असल्या की दहा मिनिटं जास्त लागू शकतात. पण घड्याळावर विसंबू नकोस, मांसात टोचायचा थर्मामीटर घे. आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते तपास. मांडीच्या सगळ्यांत जाड भागात, हाडाला न लागता, ७४ अंश हा सुरक्षिततेचा आकडा. मांडी ८० च्या पुढे गेली तर मऊ आणि चांगली लागते. छाती मात्र ७४ च्या फार वर जाऊ देऊ नकोस. रस गुलाबी की पांढरा यावरून काही ठरवू नकोस, रंग फसवतो. साडेसहाला पहिल्यांदा मोज. कातडी लवकर काळपटायला लागली तर वरून फॉइल नुसतं टेकव. छाती झाली आणि मांडी मागे राहिली तर तंगड्या कापून त्या तेवढ्या परत ओव्हनमध्ये घाल. यात कमीपणा काहीच नाही, नाहीतरी कापायच्याच असतात.

६:३५ ला बटाट्यांचा तेलाचा ट्रे खालच्या खणात, ६:४५ ला त्यात बटाटे. ७ वाजता कोंबड्या बाहेर काढ, ओव्हन २२० कर आणि बटाटे वरच्या खणात ने. सगळ्या वेळापत्रकाची मेख इथे आहे: कोंबडीला कापण्याआधी विश्रांती लागतेच, आणि तेवढ्या पाऊण तासात ओव्हन बटाट्यांना मोकळा मिळतो. विश्रांतीत आतला रस जरा दाट होतो आणि कापताना पाटावर वाहून जात नाही. फॉइलनं घट्ट लपेटू नकोस, वाफेनं कातडी मऊ पडते, सैल झाक. अख्खी कोंबडी पाऊण तासात थंडगार होत नाही, आणि वर गरम ग्रेव्ही येणारच आहे. ७ ला कोंबडी झालीच नसेल तर घाबरून आच वाढवू नकोस, सगळं वीस मिनिटं पुढे ढकल आणि पाहुण्यांना तसं सांग.

७:२० ला बटाटे उलट आणि फॉइल झाकून स्टफिंग खालच्या खणात ठेव. पंधरा मिनिटांनी फॉइल काढ. ७:३५ ला ग्रेव्हीत ट्रेमधला रस घालून उकळी आण आणि थर्मासमध्ये ओत, त्यात ती तासभर कढत राहते. गाजर आणि फरसबी सकाळीच मिठाच्या उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं काढून बर्फाच्या पाण्यात घातलेली असू दे. ७:४५ ला तव्यावर बटरमध्ये नुसती गरम करायची. ओव्हन बटाट्यांनी अडवलेला, तेव्हा ताटं कढत पाण्यात ठेवून पुसून घे. थंड ताटात ग्रेव्हीवर दोन मिनिटांत साय धरते.

कापताना आधी तंगडी बाहेर ओढून सांध्यावर सुरी घाल, हाडावर नाही. मग छाती हाडाला लागून अख्खी सोडव आणि पाटावर आडवे काप कर. हाडावरूनच पातळ काप काढत बसलास तर मांस भुगा होतं.

गोडाचं त्या दिवशी काही करू नकोस. फळांचा केक आधीच करून ठेव: २० सेंटिमीटरच्या गोल भांड्याला मैदा, बटर, ब्राउन शुगर प्रत्येकी २२५ ग्रॅम, चार अंडी, ८०० ग्रॅम सुकी फळं. फळं रात्रभर १०० मिलिलिटर रम किंवा ब्रँडीत भिजव. भांड्याला आतून दुहेरी कागद लाव आणि १५० अंशांवर अडीच ते तीन तास भाज. आच जास्त झाली तर कडा सुकतात आणि मधला भाग कच्चा राहतो. मद्य न घेणारे असतील तर संत्र्याच्या रसात भिजव, मात्र तो केक आठवडे टिकत नाही. तो २२ ला करून फ्रीजमध्ये ठेव.

जेवणानंतर गप्पांत ट्रे ओट्यावर तसाच राहतो. दोन तासांच्या आत उरलेलं मांस हाडावरून काढून उथळ डब्यांत फ्रीजमध्ये टाक, तीन-चार दिवसांत संपव. दोन्ही सांगाडे फेकू नकोस. पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेव, पुढच्या रश्श्याला लागतील.

तुझी,
आई

ता. क. थर्मामीटर आणि दुसरा ट्रे याच आठवड्यात आण.