बागेतला डिस्क गोल्फ

महोदय,

बागेत नवशिक्यांसाठी डिस्क गोल्फ सुरू केला की ‘चकत्या फेकायचा पोरखेळ’ म्हणून नाक मुरडणारे भेटतातच. त्यांनी एकदा खेळून पाहावे. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, चकती भिरकवायची, पडेल तिथून पुढची फेक, आणि कमीत कमी फेकींत साखळ्यांची टोपली गाठायची. ही टोपली या खेळाचे जनक मानले जाणारे एड हेड्रिक यांनी १९७०च्या दशकात आणली. नवख्याने वेगवान ड्रायव्हरच्या, म्हणजे लांब फेकीच्या चकतीच्या, मोहात पडू नये. उजव्या हाताने बॅकहँड फेकला की तो हमखास डावीकडे झुडपात घुसतो. त्यापेक्षा पटर, म्हणजे जवळच्या फेकीची चकती, बरा; सरळ जातो.

टोपल्या मात्र चालण्याच्या वाटेला खेटून नसाव्यात. चकती कडक प्लास्टिकची असते; कपाळावर बसली की खेळ राहतो बाजूला! वाट मोकळी होईपर्यंत थांबण्याची सूचना पहिल्याच टीजवळ ठळक अक्षरांत लावावी.

– एक वाचक