गुजरीतल्या काकांना, मनापासून

आदरणीय काका,
सा. न.

"माझं नाव कुठं घालू नका," असं तुम्ही फोनवर दोनदा बजावलंत, म्हणून नुसतं काका लिहिते. पण पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहिते आहे. विम्यासाठी आमच्या दागिन्यांची पारख करून किंमत काढताना कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते चार घरांना कळलं तर त्यांचंही भलं होईल, आणि तुम्हाला ते आवडेलच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या लहान पोरालाही पाठ आहे. त्या वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर चढलं. मध्यरात्री घर सोडलं तेव्हा आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दागिन्यांचा पितळी डबा लुगड्यात गुंडाळून पोटाशी धरला होता. नावेतून उतरेपर्यंत त्यांनी तो कुणाच्या हातात दिला नाही. पूर ओसरला आणि डबा बँकेच्या लॉकरमध्ये गेला. आता काळजी मिटली, असं आम्ही सगळे धरून चाललो.

ती मिटलेली नव्हती, हे पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ जानेवारी २०२२ पासून आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच माणसाने केलेली फसवणूक, यात लॉकरमधलं काही गेलं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच. आमचं भाडं २,००० रुपये, म्हणजे २ लाख. आणि भूकंप, पूर, वीज यांत गेलं तर, बँकेचा स्वतःचा हलगर्जीपणा नसेल तर, काहीच नाही. कोल्हापुरात राहून पुराचीच भरपाई नाही! आई ते ऐकून बराच वेळ काही बोलल्या नव्हत्या.

मग विमा उतरवायचं ठरलं. डबा घेऊन तुमच्याकडे येण्याआधी आम्ही एका सराफी पेढीतून किमतीचा दाखला आणला होता. लेटरहेडवर दोन ओळी: सोन्याचे दागिने, अमुक नग, एकूण वजन इतकं, किंमत इतकी. फोटो नाही, कस म्हणजे सोन्याची शुद्धता नाही, कोणत्या दिवसाचा भाव धरला तेही नाही. विमा कंपनीने तो परत केला. शिवाय त्या कागदाने घरात वेगळीच अस्वस्थता आणली. आई आयुष्यभर सांगत आल्या की साज, म्हणजे त्यांचा कोल्हापुरी हार, सव्वापाच तोळ्यांचा. कागदावर सहा तोळ्यांच्या वर. कुणी काही बोललं नाही, पण मग आधी कुणी कमी का सांगितलं होतं, हा प्रश्न जेवताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता.

गुजरीच्या मागच्या बोळातला तुमचा तो लाकडी जिना आई धापा टाकत चढल्या. तुम्ही आधी त्यांना पाणी दिलंत, मग डबा उघडायला सांगितलंत. साज काट्यावर ठेवला. ६१.२ ग्रॅम. "आक्का, तुमचं बरोबर हाय," म्हणालात. "जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. त्या हिशेबानं सव्वापाचच. आता पेढीवर १० ग्रॅमला तोळा म्हणत्यात, म्हणून सहाच्या वर गेला. खोटं कुणीच बोललं न्हाई." एका वाक्यात तुम्ही घरातली गाठ सोडवलीत. त्यासाठी वेगळा नमस्कार.

मग तुम्ही जे सांगितलंत ते सांगणं सोपं नव्हतं. साजाची पानं, म्हणजे त्यातली नक्षीची पदकं, आतून लाखेने भरलेली असतात. शिवाय पटवेगाराचा, म्हणजे दागिने ओवणाऱ्याचा, दोरा, गोंडा, माणिक-पाचूचे खडे. हे सगळं सोन्याच्या वजनात मोजून विमा उतरवला तर हप्ता लाखेचाही भरायचा, आणि भरपाईच्या वेळी कंपनी वजन कापणार. तुम्ही पटवेगाराला बोलावून साज उतरवून घेतलात आणि एकवीस पानं पांढऱ्या कापडावर ओळीने मांडलीत: दशावतार, अष्टमंगल, खड्यांची दोन, शेवटी डोरलं. कूर्माचं पान आधीच फुटलेलं होतं. तेवढं उघडून आतली लाख वेगळी तोललीत, त्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधलात, आणि अहवालात ‘लाखेची वजावट अंदाजे’ असं स्पष्ट लिहिलंत. निव्वळ सोनं ४३.५ ग्रॅम निघालं. आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "कारागिरानं लबाडी केल्याली न्हाई, आक्का. साज असाच घडवायचा असतो. लाख हाय म्हणून ही नक्षी इतकी वर्षं चेपली न्हाई." तो आकडा आईंना त्यानंतर टोचला नाही. मी इतकं मऊ बोलून इतकं खरं सांगणारा माणूस फार क्वचित पाहिला आहे.

कस बघतानाही तुम्ही घाई केली नाहीत. कस मोजणारं मशिन फक्त वरचा पातळ थर वाचतं, असं सांगून पाटलीवर चार ठिकाणी तपासलंत. डाखाच्या, म्हणजे सांध्याच्या, जागी आकडा खाली आला, तोही लिहिलात. मग कसोटीच्या दगडावर रेघ ओढून खात्री केलीत. माझ्या २०२२ च्या बांगड्यांना मात्र दोन मिनिटं लागली, कारण त्यांच्यावर हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक होता आणि भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तो जुळला.

नथीबद्दल तर किती लिहू. पेढीच्या कागदावर नथीचं फक्त सोनं धरलं होतं, मोत्यांपुढे रेघ. तुम्ही भिंग डोळ्याला लावून मोत्यांची भोकं एकेक करून पाहिलीत. मलाही दाखवलंत. कल्चर, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेल्या, मोत्यात भोकाच्या कडेला आतला मणी आणि वरचा थर यांच्यामधली रेघ दिसते. ती फक्त एकाच मोत्यात होती. मुंबईच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी तपासून घ्या म्हणालात, आणि तसंच निघालं: सहा मोती नैसर्गिक, सातवा कल्चर. मग आईंना आठवलं, १९८४ साली नणंदेच्या लग्नाच्या मांडवात एक मोती निसटून हरवला होता, तिथे दुसरा बसवलेला. आजेसासूबाईंपासून सगळे ‘बसऱ्याचे मोती’ म्हणत आले, पण तुम्ही अहवालात ‘नैसर्गिक मोती’ इतकंच लिहिलंत. जेवढं सिद्ध झालंय तेवढंच माझ्या सहीखाली जाईल, असं म्हणालात. साजाने किंमत उतरवली आणि नथीने चढवली, तरी दोन्ही वेळा तुमचा आवाज सारखाच होता.

फीदेखील तुम्ही नगांवर घेतलीत. किमतीच्या टक्क्यांवर घेणाऱ्याचा हात आकडा फुगवायला सैल होतो, हे तुमचं म्हणणं मी आता भेटेल त्याला सांगते. अहवालात प्रत्येक दागिन्याचा मापपट्टीसकट फोटो, एकूण आणि निव्वळ वजन, कस, त्या दिवसाचा भाव. पुढे दोन रकाने: मोडीची किंमत, आणि तसाच दागिना आज नव्याने घडवायचा तर घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी धरून येणारा खर्च. यातला कोणता आकडा धरणार ते कंपनीकडून लेखी घ्या, म्हणालात. भारत गृह रक्षा या घराच्या विम्याच्या पॉलिसीत दागिन्यांचं ऐच्छिक कलम असतं, एकूण ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखापर्यंत असेल तर दाखलाही लागत नाही, पण आमचं त्यात बसत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि चोरीचं संरक्षण त्यात पूर-आगीसारख्या घटनेनंतर सातच दिवस असतं, म्हणून घरफोडीचा विमा वेगळा घ्यायला लावलात. पुरात घर सोडून गेलेल्यांच्या कुलपांचं काय होतं ते आपण दोघांनीही पाहिलंय.

हे सगळं २०२३ च्या नोव्हेंबरातलं. तेव्हा भाव तोळ्याला ६०-६२ हजारांच्या घरात होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये तो लाखाला टेकला आणि त्याच आठवड्यात तुमचा फोन आला. "पोरी, कागद जुना झाला. कंपनी ठरलेल्या रकमेच्या वर देणार न्हाई. भाव बदलून घे." काम कधीच संपलं होतं, पैसे कधीच चुकते झाले होते, आणि तरी तुमच्या लक्षात होतं. नवा अहवाल केलात तेव्हा वजनं पुन्हा तोललीत, नुसते आकडे बदलले नाहीत. मागच्या आठवड्यात वाढवलेल्या रकमेची पॉलिसी हातात आली आणि हे पत्र लिहायला बसले.

नथीच्या डबीत तुम्ही टाकलेली चिठ्ठी तशीच आहे: ‘अत्तर लावू नये. प्लास्टिकात ठेवू नये. मऊ सुती कापडात गुंडाळावी. वर्षातून एकदा तरी घालावी.’ शेवटची ओळ आईंनी मनावर घेतली आहे. यंदा गौरी जेवणाच्या दिवशी साज आणि नथ दोन्ही लॉकरमधून आणणार आहोत. कूर्माचं पानही दुरुस्त होऊन आलंय, पटवेगाराने नव्या गोंड्यात ओवून दिलंय. आईंनी निरोप दिलाय की तुम्ही आणि काकूंनी दुपारी जेवायलाच यायचं, आणि त्या दिवशी आमच्याकडचा जिना तीनच पायऱ्यांचा आहे.

तुमची,
आक्कांची थोरली सून