सकाळच्या पोळीचा लाडू

कोल्हापूर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. आपण लहानपणी आमच्या ओसरीवर बसून खायचो तो लाडू नात शाळेतून आली की तिला करून द्यायचा आहे, असे तू लिहिले आहेस; म्हणजे तुला गूळ-तूप-पोळीचा लाडूच हवा आहे. (तुमच्याकडे ती चपाती होती, आमच्याकडे पोळी, लाडू मात्र दोन्ही घरी लाडूच.)

त्याला कृती ती कसली, असे मी गेल्या महिन्यापर्यंत म्हटले असते. पण माझी नातवंडे सुट्टीला आली तेव्हा मी मोठ्या हौसेने तव्यावरच्या गरम पोळ्या कुस्करायला घेतल्या आणि त्यांचा कणकेसारखा चिकट गोळा झाला. दुसऱ्या दिवशी मिक्सर लावला, तर भुगा इतका बारीक झाला की लाडू पिठूळ लागला आणि धाकट्याने तो गुपचूप ताटाखाली सरकवला. पोळी सकाळचीच हवी. दिवसभरात तिच्यातला ओलावा कमी होतो, म्हणून ती हाताने चुरली की नखाएवढे पापुद्रे सुटतात आणि त्यांना गूळ धरून राहतो. तीन पोळ्यांना लहान वाटीभर चिरलेला गूळ आणि दोन चमचे पातळ केलेले तूप पुरे. वेलदोडा घालू नकोस, त्याने लाडवाला उगीच सणावाराचा वास येतो.

गूळ साधा घे, चिक्कीचा नको. आपल्या कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा मला अभिमान आहेच. पण आई दुकानात ढेपेचा कोपरा मोडून जिभेवर ठेवायची आणि खारट लागला तर तसाच परत द्यायची, तेवढेच तिचे मानांकन. पिवळाधमक गूळ पाहून भुलू नकोस, तांबूस घे. ज्या दिवशी घरी लोणी कढवले जाई, त्या दिवशी आई पातेल्याच्या बुडाची बेरी खरवडून लाडवात मिसळत असे. ती किंचित करपलेली, दाताखाली कुरकुरणारी बेरी मिळावी म्हणून तू दप्तरासकट आमच्या स्वयंपाकघरात शिरायचास, हे तुला आठवते का? चपला बाहेर काढायचे भानही नसायचे.

आणखी एक गोष्ट तुला सांगायची आहे. लाडू म्हणजे उरलेल्या पोळ्यांची सोय, असेच मी आजवर समजत होतो. परवा ताईशी बोलताना सहज विचारले की आमच्या घरी रोज नेमक्या तीनच पोळ्या कशा उरत. ती हसायलाच लागली. म्हणाली, "अरे, उरत कसल्या? आई सकाळी कणीक मळतानाच तीन पोळ्यांची जास्त मळायची." एक ताईची, एक माझी. तिसरी कोणाची, असे विचारल्यावर ती म्हणाली, "रोज कोण यायचे तुझ्याबरोबर?"

तेव्हा कणीक भिजवण्याआधी नातीबरोबर शाळेतून कोण कोण येते, तेवढे विचारून ठेव. वहिनींना नमस्कार, मुलीला अनेक आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र