निकालपत्रावरचं ते जाळं काढा

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

माझी नात सातवीत आहे, तिच्या पहिल्या टेस्टचा रिझल्ट गेल्या शनिवारी मिळाला. शाळा आता मार्कांच्या खाली एक रंगीत चित्र पण छापते, मधून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सहा विषयांच्या सहा दांड्या आणि त्यांच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं, मार्क कमी तितकं ते मध्याजवळ, निळं जाळं आपल्या मुलाचं आणि करडं वर्गाच्या सरासरीचं. गणिताच्या दांडीवर निळं जाळं आत गेलेलं दिसलं आणि पोर रिक्षातच रडायला लागली, घरी येऊन जेवली पण नाही. ५० पैकी २२ होते, सरासरी २६.

मी वाघोडिया तालुक्यात अंगणवाडीची मुख्यसेविका होते, मुलांचे वजनाचे तक्ते भरण्यात आणि तपासण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून हे पत्र लिहितेय.

सरासरीचं बघा. समजा पाच मुलं आहेत, मार्क १९, २०, २१, २२ आणि ४८. बेरीज १३०, सरासरी २६. आता २२ वाली मुलगी पाचात दुसरी आली तरी कागदावर ती "सरासरीच्या खाली", कारण एकाच हुशार मुलाने आकडा वर ओढला. मधल्या मुलाचे मार्क घेतले तर ते २१ येतात, म्हणजे ती पुढेच आहे ना!

आणि त्या जाळ्याचं तर काय सांगू. मार्क तेच ठेवून विषयांचा क्रम बदला, गणित इंग्रजीच्या शेजारून उचलून चित्रकलेच्या शेजारी ठेवा, जाळ्याचा आकार बदलतो, पसारा पण बदलतो. सगळ्याच विषयांत मार्क अर्धे झाले तर जाळ्याचं क्षेत्रफळ अर्धं नाही, पाव होतं, म्हणजे मूल आहे त्यापेक्षा कितीतरी मागे दिसतं. आपले डोळे एका सरळ रेघेवरचं पुढे-मागे झटकन ओळखतात, क्षेत्रफळ तितकं नीट ओळखत नाहीत.

अंगणवाडीतला तक्ता आठवा. जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतली आठ हजारांवर मुलं मोजून २००६ मध्ये ते मापदंड काढले, त्यात भारतातली पण मुलं होती. त्याच्यात एकच रेघ नसते, पट्टे असतात, पिवळा कमी वजनाचा, केशरी फारच कमी वजनाचा, आणि नीट वजनाला पण आख्खा हिरवा पट्टा, कारण निरोगी मुलं पण एकाच वजनाची नसतात. आणि आम्ही एका टिंबावर कधीच थांबायचो नाही, मागच्या महिन्याचं टिंब जोडून रेघ वर जाते की सपाट होते ते बघायचं. हिरव्या पट्ट्यातलं मूल असलं पण रेघ दोन महिने सपाट, तर मी त्याच दिवशी त्याच्या घरी जायचे.

निकालपत्रावर पण हेच करता येतं. प्रत्येक विषयाला एक आडवी रेघ, ० ते ५०. वर्गात ४० मुलं असतील तर मार्क क्रमाने लावायचे, वरचे १० आणि खालचे १० बाजूला ठेवायचे, मधल्या २० जणांचा फिकट पट्टा काढायचा, त्यावर मुलाचं ठसठशीत टिंब आणि मागच्या परीक्षेचं पोकळ टिंब. सर्वात खालचे मार्क मुद्दाम दाखवायचे नाहीत, छोट्या वर्गात ते कोणाचे हे लगेच कळतं आणि त्या मुलाला फार लागतं. कॉम्प्युटरवर करायचं तर एक्सेलमध्ये २०१६ पासून बॉक्स अँड व्हिस्कर चार्ट आहे, म्हणजे मधल्या निम्म्या मुलांची पेटी आणि तिच्या दोन्ही बाजूंना मिशांसारख्या रेघा, पण तो बऱ्याच आईबापांना वाचता येणार नाही, मला साधा पट्टाच बरा वाटतो.

नातीच्या गणिताची रेघ मी आलेखाच्या कागदावर काढली. वर्गातल्या सगळ्यांचे मार्क माझ्याकडे नाहीत त्यामुळे पट्टा काढता आला नाही, फक्त तिची दोन टिंबं काढली, सहावीच्या शेवटचं १७ आणि आत्ताचं २२. तिने बोट ठेवून मधली पाच घरं मोजली, मग म्हणाली, "आजी, हे मॅडमना दाखव ना." सोमवारी तो कागद मी क्लास टीचरकडे देऊन आलेय.

आपली,
एक आजी, दांडिया बाजार, बडोदे