भुताटकी कसली, उतार होता!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जम्मूतल्या कठुआहून ड्रायव्हरविनाच सुटलेल्या मालगाडीची तुमची कालची बातमी वाचली. ‘भुताची गाडी’ हा मथळा नातवंडांना फार आवडला, हे आधी कळवतो. पण खडीने भरलेल्या 53 वाघिणी (म्हणजे वॅगन) उतारावर उभ्या, ड्रायव्हर आणि असिस्टंट खाली उतरलेले, हँडब्रेक लावलेला नाही. गाडी जाणार नाही तर काय करणार? भुताला कशाला बदनाम करता?

मी बत्तीस वर्षं मालगाडीवर गार्ड होतो. (2022 पासून या पदाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. आमच्या वेळी एवढा मान नव्हता.) इंजिन बंद झालं की ब्रेक दाबून धरणारी हवा हळूहळू गळते आणि घट्ट बसलेले ब्रेक आपोआप सैल पडतात. म्हणून हँडब्रेक आवळायचे आणि चाकांखाली लाकडी गुटके ठोकायचे. एका पावसाळी रात्री असाच उतारावर मी एकेक वाघीण धरून हँडब्रेकचं गंजलेलं चाक फिरवत होतो. मनगट मुरगळलं. वर फोनवरून एका साहेबांचा प्रश्न, ‘‘एवढा वेळ काय करताय, पूजा?’’ पुढे त्या उशिराचा खुलासाही लेखी मागितला. गाडी जागची हलली नाही, त्याबद्दल मात्र कुणी काही लिहून मागितलं नाही. आता कठुआचं वाचल्यावर ते साहेब आठवले, म्हणून हा पत्रप्रपंच.

बातमीत कर्मचाऱ्यांच्या निलंबनाला तीन परिच्छेद. ज्यांनी वाटेतली फाटकं वेळेवर बंद केली, पंजाबातल्या ऊंची बस्सीला रुळांवर लाकडी ओंडके टाकून गाडी अडवली, त्यांना शेवटी दीड ओळ, तीही ‘सुदैवाने’ या शब्दाने सुरू होणारी. सत्तर किलोमीटरहून लांब गेलेली गाडी कुणालाही खरचटू न देता थांबली, यात दैव थोडं आणि फोनवर ओरडणारी, धावपळ करणारी माणसं जास्त. आणि गंमत बघा, जे लाकूड कठुआला चाकाखाली हवं होतं, तेच अखेर पंजाबात रुळांवर टाकावं लागलं. तुमच्या वार्ताहराला मथळा हवाच होता, तर हा फुकट मिळत होता.

जाता जाता एक. माझ्या मागच्या पत्रात तुमच्या मंडळींनी ‘वाघिणी’ खोडून ‘डबे’ केलं होतं. डबे पॅसेंजरला. या वेळी वाघिणी राहू द्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गार्ड